मेलेल्या उतारावरचे पाचशे खड्डे

मुरबाड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एका ठाकरवाडीच्या मागे पाचेक एकरांचा उभा उतार आहे. जमीन वरकस, चार घरांच्या सामाईक मालकीची. खाली भाताची खाचरं, वर कातळाचा कडा आणि मधल्या पट्ट्यात कारवीची झुडपं. २०१७च्या मे-जूनमध्ये आम्ही कल्याणची पंधरा-वीस माणसं तिथे गेलो, उतारातले दोन एकर ‘साफ’ केले, पाचशे खड्डे खणले आणि पाऊस लागल्यावर त्यांत झाडं लावली. पैसे वर्गणीचे होते, रोपं निवडून आणलेली होती, मनात काही वाईट नव्हतं. तरी त्या दोन एकरांचं जे नुकसान झालं ते आज आठ वर्षांनंतरही पुरतं भरून आलेलं नाही.

वाडीचं नाव देत नाही. चूक तिथल्या लोकांची नव्हती. चूक आमची होती आणि त्या आम्हांत मी होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे निदान मी तरी विचारायला हवं होतं की हे जे वाळून उभं आहे ते काय आहे. विचारलं नाही. नंतरची सगळी वर्षं मी तिथे जात राहिले, त्यामुळे काय झालं ते क्रमाने सांगू शकते.

मे महिन्यात दिसलेला डोंगर

जागा बघायला आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो, भर दुपारी. उतारावर डोक्याएवढ्या, कुठे त्याहूनही उंच अशा करड्या काठ्या दाटीने उभ्या होत्या. एकीलाही पान नाही. हात लावला की काटकन मोडायच्या. काठ्यांच्या शेंड्यांवर आणि पेरांपाशी वाळक्या कणसांसारखे तपकिरी झुबके होते. ते बाहीला चिकटायचे आणि त्यांना एक उग्र, काहीसा औषधी वास होता. आमच्यातल्या एकाने फोटो काढले. त्यातलाच एक फोटो ‘उजाड डोंगर हिरवा करू या’ या ओळीखाली वर्गणीच्या पत्रकावर छापला गेला. ती ओळ मी सुचवली होती.

कारवीची काठी उन्हाळ्यात दरवर्षीच निष्पर्ण असते. पाऊस संपला की पानं झडत जातात, मार्च-एप्रिलमध्ये नुसता सांगाडा उरतो आणि जूनमध्ये तोच सांगाडा पेरापेरांतून फुटतो. जिवंत काठीची साल नखाने खरवडली तर आत हिरवी रेघ दिसते. त्या मेमध्ये आम्ही ही एवढीशी परीक्षाही केली नाही. पण केली असती तरी आम्ही चुकीच्याच निष्कर्षाला आलो असतो, कारण त्या वर्षी त्या काठ्या खरोखर मेलेल्या होत्या. आत हिरवं काही नव्हतं. ‘मेलंय, काढून टाका,’ असंच आम्ही म्हटलं असतं. जिवंत होतं ते काठीत नव्हतं, तिला चिकटलेल्या त्या वाळक्या झुबक्यांत होतं.

मजूर लावून दोन एकरांतली कारवी छाटली. छाटलेल्या काठ्यांचे ढीग केले आणि खड्डे घ्यायला अडचण नको म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात ते ढीग पेटवून दिले. वाळकी कारवी झटकन पेट घेते. तासाभरात उतारावर काळे गोल उरले.

वाडीतली एक म्हातारी त्या दिवशी शेळ्या घेऊन वर आली होती. सगळे तिला आजी म्हणतात, मीही म्हणते. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “बाय, खड्डे कुठं खणताव? इथं पेर हाय ना.”

मला वाटलं तिथे कुणी नाचणी-वरी पेरलीय. मी तिला म्हटलं, “आजी, इथे तर काहीच पेरलेलं दिसत नाही.” ती जास्त बोलली नाही. शहरातून आलेल्या, पैसे खर्चून झाडं लावणाऱ्या माणसांशी किती बोलायचं याचा वाडीतल्या माणसांना एक अंदाज असतो. त्या अंदाजामुळे आमचं कितीदा नुकसान होतं हे मला पुढे कळलं.

पेर म्हणजे काय

कारवीचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. नीस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२मध्ये ते दिलं. पहिल्या शब्दात शंकूसारखा फुलोरा आहे आणि दुसऱ्यात घट्टे पडलेली कातडी. कारवीच्या पानावरून बोट फिरवलं की दुसऱ्या शब्दाची खात्री पटते. पुढे १९४४मध्ये ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञाने तिला वेगळ्या प्रजातीगटात घातलं आणि त्या गटाचं नाव ठेवलं ‘कार्विया’, सरळ आपल्या मराठी नावावरून. ते नाव आता मागे पडलं आहे, पण कधीतरी कुणा शास्त्रज्ञाला आपल्या डोंगरातल्या लोकांनी ठेवलेलं नावच पुरेसं वाटलं होतं, याचं मला अप्रूप आहे.

ही अडुळशाच्या कुळातली. सह्याद्रीचा उत्तर भाग हे तिचं मुख्य घर. पूर्ण वाढलेली कारवी दोन-तीन मीटर उंच होते, चांगल्या जागी त्याहून जास्त. झाडांच्या सावलीतही वाढते, उघड्या उतारावरही वाढते, आणि जिथे वाढते तिथे इतकी दाट की आतून वाट काढायची तर आडवं होऊन जावं लागतं. भेकर, रानडुक्कर दिवसा तिच्यात दडून बसतात.

तिच्या आयुष्याचा हिशोब असा. एका पावसाळ्यात रुजायचं. मग सात वर्षं दर पावसात हिरवं व्हायचं आणि दर उन्हाळ्यात वाळक्या काठीसारखं उभं राहायचं. या सात वर्षांत फूल नाही. आठव्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या शेवटापासून पुढे, उतारावरच्या सगळ्या कारव्या एकदम निळ्या-जांभळ्या फुलतात. चुकून एखादी मागेपुढे फुलते, ती वेगळी. फुलून झालं की फळ धरायचं, आणि मग मरायचं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि आमच्या या पट्ट्यात हे फुलणं २००८, २०१६ आणि २०२४ला झालं. सह्याद्रीत सगळीकडे साल एकच नसतं. एका डोंगराची कारवी फुलत असते तेव्हा दुसऱ्या डोंगराची अजून पोरवयाची असते.

आम्ही मे २०१७मध्ये गेलो, म्हणजे फुलण्याला आठ महिने झाले होते. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या आदल्या सप्टेंबरात येऊरला जाऊन कारवीसोबत फोटो काढले होते. मीही काढला होता. तीच कारवी मेमध्ये आमच्यापैकी कुणालाही ओळखता आली नाही.

आता झुबक्यांविषयी. फुलं गळून गेल्यावर त्या चिकट, खवल्याखवल्यांच्या कणसांत बोंडं धरतात. हिवाळाभर, उन्हाळाभर ती तिथेच वाळत राहतात. काठी मरते, पण बी खाली पडत नाही. बोंड पाण्याची वाट बघतं. जूनचा पहिला दमदार पाऊस आला की वाळलेल्या बोंडाच्या दोन फाका ओल लागून ताणल्या जातात आणि फटकन उघडतात. आत प्रत्येक बीला खालून आधार देणारी एक टणक आकडी असते. ती तरफेसारखी उचकते आणि बी दूर उडवते. शाळेच्या कुंपणालगत उगवणाऱ्या जांभळ्या फुलांच्या झुडपाच्या शेंगा थुंकी लावून फोडण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असतो. ते झुडूप याच कुळातलं. कारवीच्या बाबतीत तो खेळ अख्खा डोंगर एका पावसात खेळतो. पहिल्या सरीनंतर उतारावर उभं राहिलं तर भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी तडतड ऐकू येते.

बी पडतं आणि त्याच पावसात रुजतं. वरची सगळी जुनी पिढी मेलेली असल्यामुळे कोवळ्या रोपांना ऊन मिळतं. जुन्या काठ्या मोडून पडतात आणि त्यांचा पाचोळा माती धरून ठेवतो. उंदीर, रानकोंबड्या, मुंग्या बी खातात, पण खाऊन खाऊन किती खाणार? सात वर्षं काहीच नाही आणि एका वर्षी डोंगरभर. एवढ्यासाठीच ही झाडं थांबून एकदम फुलत असावीत, असा यामागचा सर्वांत मान्य तर्क आहे. बांबूबद्दलही तेच सांगतात. दरवर्षी थोडं थोडं बी आलं असतं तर खाणाऱ्यांनी ते संपवलं असतं.

म्हणजे कारवीच्या उताराला पुढची पिढी उभी करायला आठ वर्षांत एकच पावसाळा मिळतो. आणि त्या पावसाळ्याच्या तोंडावरच तो उतार सगळ्यांत जास्त मेलेला दिसतो.

आजीची पेर ती ही. आम्ही तिचे ढीग करून जाळले होते.

झाडांचं काय झालं

करंज, जांभूळ, आवळा, बहावा आणि थोडे मोह, अशी पाचशे रोपं जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागली. त्या काळात राज्यभर लागवडीचं मोठं वातावरण होतं. २०१७च्या पावसाळ्यासाठी राज्याचं उद्दिष्ट चार कोटी झाडांचं होतं. आमचं काम खासगी होतं, पण हवा तीच होती. लागवडीच्या दिवशी उतारावर ऐंशी माणसं होती. आजूबाजूच्या न छाटलेल्या पट्ट्यातून उडून आलेलं थोडं बी आमच्या दोन एकरांतही रुजलं असणार. ऐंशी माणसांच्या बुटांखाली त्यातलं किती उरलं असेल, ते सांगायला नको.

खड्डे दीड फुटाचे घ्यायचे ठरले होते. बऱ्याच ठिकाणी फुटाखाली मुरूम लागला, तिथे तेवढ्यावरच भागवलं. पहिल्या पावसाळ्यात रोपं तरारली. नोव्हेंबरात आम्ही आनंदाने मोजली, बहुतेक जिवंत होती. मग उन्हाळा आला. वर पाणी नेण्याची सोय नव्हती. वाडीतल्या दोन पोरांना पाण्याचे पैसे ठरवले होते, पण त्याच एप्रिलमध्ये वाडीची स्वतःची विहीर तळाला गेली आणि बायका दीड मैलावरून हंडे आणू लागल्या. त्या पाण्यातलं आमच्या बहाव्याला घाला, असं म्हणायचं तोंड कुणालाच नव्हतं. जून २०१८मध्ये सत्तरच्या आसपास झाडं उरली. आज अकरा आहेत.

रोपं मेली याचं मला तितकं वाईट वाटत नाही, लागवडीत रोपं मरतात. पण त्यांच्या जागी काय आलं? उघड्या पडलेल्या, खणलेल्या, जळकी राख मिळालेल्या जमिनीत पहिल्याच वर्षी रानमोडी आली आणि मागोमाग घाणेरी. दोन्ही परदेशी, दोन्ही हट्टी. २०२०पर्यंत त्या दोन एकरांत शेळीसुद्धा शिरेना. आणि दुसरी गोष्ट, जी आम्ही कुणी मनातही आणली नव्हती. खड्ड्यांच्या दोन ओळी उताराच्या बाजूने, वरून खाली अशा गेल्या होत्या. पाण्याला तयार वाट मिळाली. २०१९च्या पावसात तिथे घळ पडली, २०२१पर्यंत ती गुडघाभर खोल झाली आणि तिच्यातून वाहून आलेला मुरूम खालच्या दोन खाचरांत पसरला. त्या खाचरांच्या मालकाने आम्हाला एक शब्द ऐकवला नाही. त्याने दोन हिवाळे टोपलीने मुरूम काढला.

जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माळीण आणि तळिये लोकांच्या आठवणीत होतीच. दरडी का कोसळतात याची कारणं मोठी आणि गुंतागुंतीची असतात. एका झुडपावर ती लादायचा माझा विचार नाही. पण त्या आठवड्यात मी वाडीत गेले तेव्हा माणसं ओट्यावर बसून त्या घळीकडे बघत होती. रात्री पावसाचा जोर वाढला की एक जण बॅटरी घेऊन घळ बघून यायचा, असा त्यांचा पहारा चालू होता. कारवी असलेल्या तीन एकरांकडे बघायला कुणी जात नव्हतं.

२०२४: नकाशा फुलांनी काढून दाखवला

सात वर्षं आमच्या चुकीची हद्द अंधुक होती. पावसाळ्यात सगळंच हिरवं, उन्हाळ्यात सगळंच करडं. सप्टेंबर २०२४मध्ये ती एका दिवसात समोर आली.

सकाळी धुकं वर सरकलं तेव्हा मी खाचरांच्या बांधावर होते. उताराचा डावा भाग, वरचा भाग आणि कड्याखालची पट्टी जांभळी झाली होती. मध्ये आमचे दोन एकर हिरवेच होते. कडा इतक्या सरळ की २०१७मध्ये आम्ही चुन्याने रेघा मारल्या होत्या, त्या जशाच्या तशा वाचता येत होत्या. डाव्या भागातून आग्या माश्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. मधल्या भागात घाणेरीवर दोन-चार फुलपाखरं होती, बस.

मी फुलांच्या पट्ट्यात शिरले. कणसांवरचा चीक कपड्यांना लागत होता, मेमधला तोच उग्र वास, पण आता ओला. एका फुलात सातेरी माशी पूर्ण आत गेली होती, तिचं फक्त शेपूट बाहेर दिसत होतं. बाहेर आली तेव्हा पाठ परागाने पांढुरकी झाली होती. हे सगळं अंतरावरून दिसत नाही, म्हणून लिहिते.

वाडीच्या हिशोबात हे दोन एकर म्हणजे काय, तेही त्या वर्षी उलगडलं. कारवीच्या वर्षीचा मध दाट असतो आणि त्याला मागणी असते. वाडीतल्या चार घरांनी त्या हिवाळ्यात तो काढला आणि विकला. इतर वर्षी कारवीच्या काठ्या कामाच्या. पूर्वी सगळी घरं कुडाची असायची. काठ्या उभ्या रोवून आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या. वारली घरांच्या ज्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं निघाली, त्याही अशाच कुडाच्या. आता घरकुलं विटांची झाली, पण गोठा, मागचं न्हाणीघर, परसातलं कुंपण अजून कारवीचंच आहे. शिवाय घाटावरचे टोमॅटोवाले वेलांना आधार द्यायला कारव्यांच्या मोळ्या घेतात. आजीच्या सुनेने सांगितलं की आमच्या दोन एकरांतून त्यांना वर्षाला किती मोळ्या मिळायच्या. सात वर्षांचा गुणाकार मी तिच्यासमोर केला नाही, घरी येऊन केला. आकडा इथे देत नाही, तो त्यांचा आहे.

चूक नेमकी कुठे झाली

‘आम्ही स्थानिकांना विचारलं नाही’ असं म्हणून मोकळं होता येतं, आणि ते खरंही आहे. पण आम्ही विचारलं होतं. जमिनीच्या मालकांची परवानगी घेतली होती, बैठक झाली होती. त्या बैठकीत आम्ही ‘इथे झाडं लावू का?’ असं विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं, कारण झाडं कुणाला नको असतात? ‘इथे आता काय आहे?’ हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आजीने न विचारता त्याचं उत्तर दिलं, तेही आम्हाला समजलं नाही.

दुसरं कारण भाषेतच आहे असं मला वाटतं. जमिनीसाठी आपल्याकडे वरकस, पडीक, गायरान, झुडपी असे शब्द आहेत. हे सगळे जमीन पिकते की नाही, कर किती, हक्क कुणाचा एवढंच सांगतात. तिथे काय उगवतं ते एकही शब्द सांगत नाही. ‘पडीक’ म्हटलं की डोक्यात आपोआप रिकामी जागा येते आणि रिकामी जागा भरावीशी वाटते. झुडपाला तर आपण झाड व्हायला कमी पडलेलं काहीतरी समजतो. कारवीचं झाड होणार नसतं. तिला तिथे तेच व्हायचं असतं.

आणि तिसरं, वेळेचं. लागवडीची पाहणी मेमध्ये होते, कारण जुलैत लावायचं असतं. मेमध्ये सह्याद्रीतला जवळजवळ प्रत्येक उतार ‘उजाड’ दिसतो. सप्टेंबरात एकदा जाऊन आल्याशिवाय कुठल्याही डोंगराबद्दल मत बनवू नये, हे मी आता प्रत्येक गटाला सांगते. तेही कारवीच्या बाबतीत पुरत नाही, तिथे शेवटचं फुलणं कोणत्या साली झालं ते विचारावं लागतं. हे साल वाडीतल्या पोराटोरांना माहीत असतं. मुलगा कारवी फुलली त्या वर्षीचा, लग्न तिच्या पुढच्या वर्षीचं, असे त्यांचे हिशोब असतात.

केरळात मुन्नारला कारवीचीच बहीण, नीलकुरिंजी, दर बारा वर्षांनी फुलते. २००६, २०१८, आणि आता २०३०. लोक वर्ष मोजत बसतात, खोल्या आधीपासून भरतात. आपल्याकडेही कारवीच्या साली गर्दी होऊ लागली आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. माझं मागणं एवढंच की त्यातल्या काही जणांनी पुढच्या जूनमध्येही यावं. फुलांच्या वर्षापेक्षा त्याच्या पुढचं वर्ष जास्त नाजूक असतं, आणि त्या वर्षी तिथे बघायला कुणी नसतं.

दुरुस्ती, जेवढी झाली तेवढी

नोव्हेंबर २०२४मध्ये वाडीत बैठक झाली, या वेळी त्यांनी बोलावलेली. आम्ही सहा जण गेलो. दोन गोष्टी ठरल्या. एक, पुढच्या वर्षीचा पाऊस लागून बी पडेपर्यंत उतारावरची कारवी कुणी तोडायची नाही, वाळकी असली तरी, सरपणालाही नाही. दुसरी गोष्ट आजीच्या मुलाने काढली. एप्रिल-मेमध्ये खाचरांत राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पालापाचोळा पेटवून भाजतात. वारा फिरला तर राबाची ठिणगी वर जाते. एरवी कारवी पानगळीतही तग धरते आणि पुन्हा फुटते, पण मेलेली, बियांनी लगडलेली कारवी एकदा पेटली की संपलं. म्हणून खाचरांच्या वरच्या अंगाला दहा फुटी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढायची. ती मार्चमध्ये निघाली. आम्ही फावडी धरली, रेषा कुठून न्यायची ते त्यांनी सांगितलं.

मधल्या दोन एकरांसाठी आमचा बेत असा होता: जानेवारी ते एप्रिल घाणेरी मुळासकट काढायची, घळीत आडव्या दगडांच्या ताली घालायच्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात डाव्या पट्ट्यातली वाळकी कणसं आणून तालींच्या वरच्या बाजूला अंथरायची. बी काढायचं नाही, टोकायचं नाही. कणसं पसरली की पुढचं काम पाऊस करेल. बी बाहेरून आणायचंच नाही, हेही ठरलं होतं. दुसऱ्या डोंगराचं बी म्हणजे दुसरं साल.

पण २०२५चा पाऊस आमच्या बेतासाठी थांबला नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच वळिवाने झोडपायला सुरुवात केली आणि मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन दाखल झाला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. तोवर आमची अर्ध्या एकरातच कणसं पसरून झाली होती. बाकीची आठ पोती आजीच्या ओट्यावर रचलेली होती. पहिल्या रात्रीच्या पावसात ओट्यावर वळचणीचं पाणी उडालं आणि पोती भिजली. आजीच्या सुनेचा रात्री अकराला फोन आला. ती बोलत होती आणि मागे तडतड, तडतड ऐकू येत होती. पोत्यांतच बी उडत होतं.

सकाळी त्यांनी पोती उलटी केली, चाळणीने बी वेगळं केलं आणि ओलं बी तसंच नेऊन उरलेल्या दीड एकरात हाताने फेकलं. मी दोन दिवसांनी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्या दीड एकरातलं पुष्कळ बी घळीतून वाहून गेलं, काही तालींच्या मागे अडलं.

जुलैच्या शेवटी आम्ही मोजायला गेलो. अर्ध्या एकरात, कणसं पसरली तिथे, तालींच्या मागच्या मातीत रोपांची दाट मेथी उगवल्यासारखं दिसत होतं. हाताचा पंजा जमिनीला टेकवला तर त्याखाली सात-आठ रोपं येत होती. पानं करवती काठाची, आत्ताच खरखरीत. दीड एकरात मात्र विरळ, दगडांच्या आडोशाला दोन-चार, मग बराच वेळ काही नाही. घाणेरीचे नवे कोंब सगळीकडे होतेच. ते दर पंधरा दिवसांनी उपटायचं काम वाडीतल्या चार मुलींनी मजुरीवर घेतलं आहे.

अकरा झाडांचं काय करायचं, हा प्रश्न मी काढला. माझ्या मनात होतं की ती आमच्या चुकीची आहेत, काढून टाकावीत. आजीने ऐकूनही घेतलं नाही. “जांभूळ कुणी तोडतो का, बाय? तिच्याखाली येल कारवी.” मोठ्या झाडांखाली कारवी येतेच, रानात ती बहुतेक तशीच वाढते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. सर्वांत मोठ्या जांभळाच्या बुंध्याशी पावसाचं पाणी अडतं, तिथे वीसेक रोपं आली आहेत. शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत, पण सावलीला जाऊन बसतात आणि रोपं चिरडतात, म्हणून आजीच्या नातवाने बुंध्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं आहे.

घळीतल्या दोन ताली सप्टेंबरच्या पावसात ढासळल्या. दगड रचून झालेत, माती बसायची आहे. जाळरेषा पुढच्या मार्चमध्ये पुन्हा काढायची, कारण पहिल्या उन्हाळ्यात ही रोपं वीतभरच असतील आणि राबाच्या आगीत टिकणार नाहीत. दिवस होळीच्या आधीचा रविवार ठरला आहे. फावडी आम्ही नेणार, भाकरी वाडीची.